दाखवायचे दात, खायचे दात

पैठणला गेलात तर पैठणी, कोल्हापूरला गेलात तर चप्पल, सावंतवाडीला गेलात तर लाकडी खेळणी. आपल्याकडे गावागणिक अशी एक ठरलेली खरेदी असते. मेक्सिकोत लॉस अल्गोदोनेस नावाचं एक गाव आहे, तिथली ठरलेली खरेदी म्हणजे दात! जोक नाही. हजारांत मोजावी एवढीशी वस्ती, त्यात काहीशे डेंटिस्ट, आणि तेही सगळे सीमेला लागून असलेल्या मोजक्या गल्ल्यांत. लोक या गावाला लाडानं ‘मोलर सिटी’ म्हणतात. मोलर म्हणजे दाढ. आपल्या भाषेत सांगायचं तर, दाढेगाव बुद्रुक!

तुम्ही म्हणाल, मेक्सिको म्हटलं की बीच, टकीला, पिरॅमिड्स... आणि ही बाई दाढा बघायला गेली? गेले खरी. त्याला कारण माझी मावसबहीण. ताई आणि जिजू फिनिक्सजवळ राहतात. मी डिसेंबरात महिनाभर त्यांच्याकडे होते. ताईच्या एका दाढेचं नुकतंच रूट कॅनाल झालं होतं आणि त्यावर कॅप बसवायची बाकी होती. तिथल्या डेंटिस्टनं आकडा सांगितला १,४०० डॉलर. अमेरिकेत डेंटल इन्शुरन्स असतो, पण त्याला वर्षाची लिमिट असते, बहुतेकदा हजार-दीड हजार डॉलरची. ताईची लिमिट रूट कॅनालनंच गिळली होती. नव्या वर्षापर्यंत थांबावं तर तोवर दाढ तडकायची भीती, शिवाय कॅपचे निम्मेच पैसे मिळणार. मग ऑफिसातल्या कुणीतरी तिच्या कानात मंत्र सांगितला, ‘अल्गोदोनेसला जा!’

पायी परदेश

फिनिक्सहून युमा सुमारे तीनशे किलोमीटर. सरळसोट हायवे, दोन्ही बाजूंना वाळवंट आणि त्यात हात वर करून उभे असलेले सवारो कॅक्टस. एवढ्या रखरखाटानंतर युमा जवळ आलं की अचानक हिरवीगार शेतं लागतात. अमेरिकेच्या हिवाळ्यातल्या सॅलडची बरीचशी पानं या भागातून जातात. युमाहून कोलोरॅडो नदी ओलांडली की आपण कॅलिफोर्नियात येतो आणि तिथून दहा-पंधरा मिनिटांत रस्ता चक्क संपतो. समोर क्वेचान या मूळ निवासी जमातीनं चालवलेला भलामोठा पार्किंग लॉट, आणि पलीकडे मेक्सिको.

गाडी पार्क करायची आणि चालायला लागायचं. दादर पूर्वेहून पश्चिमेला जाताना पूल ओलांडतो ना, तितक्याच सहज लोक देश ओलांडत होते. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवाल्यांनाही मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. माझ्या पुढे एक आजोबा टोपी-बिपी घालून, हातात एक्स-रेचा लिफाफा घेऊन निघाले होते. भाजी आणायला निघाल्यासारखे!

पलीकडे पाय टाकला आणि मला थेट तुळशीबागेची आठवण आली. ‘डेंटिस्ट, सेन्योरा? क्राऊन? क्लीनिंग? चष्मा?’ दोन्ही बाजूंनी हाका. एका दुकानात औषधं, शेजारी चष्मे, त्याच्या शेजारी डेंटिस्ट, वर डेंटिस्ट, मागच्या गल्लीत डेंटिस्ट. मधूनच रंगीत ब्लँकेट्स आणि टॅकोच्या गाड्या. रस्त्यावर सगळीकडे पांढऱ्या केसांची मंडळी. ही मंडळी म्हणजे ‘स्नोबर्ड्स’. कॅनडा आणि उत्तर अमेरिकेतल्या थंडीला कंटाळून हिवाळाभर इकडे उन्हात येऊन राहणारे रिटायर्ड लोक. अमेरिकेतल्या ज्येष्ठांसाठी असलेल्या सरकारी मेडिकेअरमध्ये दातांची नेहमीची ट्रीटमेंट सहसा बसत नाही. म्हणून मग हे स्थलांतरित पक्षी दाणापाण्याबरोबर दातांचीही सोय इथेच बघतात.

हे गाव मुळात काही दातांसाठी वसलेलं नव्हतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीला एका तरुण डेंटिस्टनं इथं दवाखाना टाकला. त्या वेळी या गावाची ओळख होती बारसाठी. पलीकडच्यांना दर परवडले, एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं चौघांना, आणि बघता बघता बारच्या जागी दवाखाने आले. गंमत म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘अल्गोदोनेस’ या शब्दाचा अर्थ कापूस. डेंटिस्टच्या खुर्चीत गालात कापसाचे बोळे कोंबून बसलेल्या पेशंटला हे नाव किती पटत असेल!

‘आलाच आहात तर...’

ताईनं ठरवलेलं क्लिनिक एकदम चकाचक होतं. एसी, कॉफी मशीन, फाडफाड इंग्रजी बोलणारी कोऑर्डिनेटर. एक्स-रे झाला, दाढ बघून झाली, कॅपचा आकडा आला ४५० डॉलर. ताई खूश, जिजू त्याहून खूश. आणि मग ती कोऑर्डिनेटर गोड हसून म्हणाली, ‘आलाच आहात तर पुढच्या दातांचंही करून टाका ना. वरचे आठ व्हेनिअर, पॅकेजमध्ये.’

ताईचा पुढचा एक दात थोडा वळलेला आहे, शेजारच्या दातावर जरासा चढलेला. कॉलेजात असल्यापासून ती फोटो काढताना ओठ मिटून हसते. त्यामुळे ‘आठ व्हेनिअर’ हे शब्द ऐकल्यावर तिचा चेहरा जो काही उजळला, तो मी बघितला. कॉम्प्युटरवर तिचाच फोटो आला, त्यात तिला नवे दात लावलेले. पांढरेशुभ्र, एका रेषेत, टूथपेस्टच्या अ‍ॅडसारखे. जिजू पुटपुटले, ‘ही तर कोणतरी वेगळीच बाई आहे.’ पण ताई स्क्रीनवरून नजर हटवायला तयार नव्हती.

डॉक्टरांना भेटायला अजून तासभर होता. तेवढ्यात मी माझं पत्रकारितेचं शस्त्र बाहेर काढलं, म्हणजे प्रश्न विचारत सुटले. क्लिनिकच्या मागेच त्यांची लॅब होती, तिथल्या टेक्निशियननं मला हौसेनं सगळं दाखवलं. कॅप आणि व्हेनिअर यांतला फरक मला खऱ्या अर्थानं कळला तो तिथं.

टोपी आणि पापुद्रा

आपल्याकडे ज्याला आपण ‘कॅप’ म्हणतो तोच क्राऊन. दात चारी बाजूंनी आणि वरून तासायचा आणि त्यावर पूर्ण टोपी चढवायची. ही टोपी दाताला वाचवण्यासाठी असते. रूट कॅनाल झालेली दाढ आतून पोखरलेली असते, चावताना तिच्यावर येणारा जोर ती एकटी पेलू शकत नाही, तडकते. मोठं फिलिंग असलेली, चिरलेली, अर्धी तुटलेली दाढ, अशा सगळ्यांना टोपी लागते. पूर्वी ती सोन्याची किंवा धातूची असायची. मग आतून धातू, बाहेरून पोर्सिलेन अशी आली. तिचा एक प्रॉब्लेम म्हणजे काही वर्षांनी हिरडी खाली सरकली की कडेला काळपट रेघ दिसायला लागते. आता झिरकोनियाची असते. लॅबमध्ये मी तिचा जन्म बघितला. मशीन पांढऱ्या, खडूसारख्या ठिसूळ ठोकळ्यातून दाढ कोरून काढतं, पण खऱ्या मापापेक्षा मोठी. मग ती सुमारे दीड हजार अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजली की साधारण पाचव्या हिश्शानं आक्रसते, आणि मग अशी टणक होते की काय सांगावं!

व्हेनिअर म्हणजे काय हे आपल्याला खरं तर सुताराकडून माहीत आहे. प्लायवूडच्या कपाटावर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवतात, तेच ‘व्हिनियर’. दातांचंही तसंच. दाताच्या फक्त पुढच्या बाजूवर सिरॅमिकचा अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून थोडा जाड पापुद्रा चिकटवायचा. डाग पडलेले दात, टवका उडालेला दात, दोन दातांतली छोटी फट, यासाठी ते छान. पण कपाट आतून वाळवीनं खाल्लेलं असेल तर वरून सागाचा पापुद्रा लावून काय उपयोग? किडलेल्या किंवा कमकुवत दाताला व्हेनिअर आधार देत नाही. तसंच हिरड्या सुजलेल्या असतील तर आधी त्यांचा इलाज.

ही आयडियाच मुळी हॉलिवूडची, अल्गोदोनेसहून काही तासांच्या ड्राइव्हवरची. चार्ल्स पिंकस नावाच्या डेंटिस्टनं १९२०-३०च्या दशकांत नटनट्यांसाठी दातांवर तात्पुरते चढवायचे मुखवटे बनवले. ते कवळीच्या पावडरीनं चिकटवायचे, शूटिंग झालं की काढून ठेवायचे. बालतारका शर्ली टेंपलचे दुधाचे दात पडत होते, तेव्हा पडद्यावर ती फट दिसू नये म्हणून त्यांनीच सोय केली होती. या दातांनी खायचं मात्र नाही! हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात, ते हेच. हा पापुद्रा दाताला कायमचा चिकटवायचं तंत्र यायला १९८०चं दशक उजाडावं लागलं. दाताचं एनॅमल आणि पोर्सिलेन दोन्ही आम्लानं किंचित खरखरीत करायचे आणि रेझिननं जोडायचे.

मिलिमीटरचा हिशोब

इथे सगळा खेळ आहे मिलिमीटरचा. पुढच्या दातांवर एनॅमल असतं फार तर एक मिलिमीटरच्या आसपास. व्हेनिअरसाठी त्यातलं साधारण ०.३ ते ०.७ मिलिमीटर तासतात. कॅपसाठी मात्र सगळीकडून एक ते दोन मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं ना? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुढचे दात तासून त्यांचं आधीचं आणि नंतरचं वजन केलं होतं. व्हेनिअरच्या प्रकारानुसार दाताचा हिरडीबाहेरचा भाग ३ ते ३० टक्के गेला. कॅपसाठी गेला ६३ ते ७२ टक्के. म्हणजे शंभर ग्रॅम पेढ्यातला तीस-पस्तीस ग्रॅम उरला!

आणि एनॅमल परत येत नाही. नख वाढतं, केस वाढतात, हाडसुद्धा जुळतं. पण एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात. जे तासलं ते गेलं.

दुसरा हिशोब वर्षांचा. कॅप असो की व्हेनिअर, नीट बसवलं आणि नीट सांभाळलं तर दहा-पंधरा वर्षं, काहींचं वीसही वर्षं टिकतं. पण कायमचं नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी हौसेनं आठ दात केले, तर सत्तरीपर्यंत ते तीनेक वेळा बदलावे लागू शकतात, आणि प्रत्येक वेळी आतला दात आणखी थोडा झिजतो. साठीतल्या स्नोबर्ड आजोबांचा हिशोब वेगळा आणि विशी-तिशीतल्या आपला वेगळा. पॅकेज मात्र दोघांना एकच दाखवतात.

वेटिंग रूममध्ये लॉस एंजेलिसहून आलेला एक मुलगा भेटला, माझ्याच वयाचा. त्यानं तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका देशात सुट्टीत जाऊन ‘व्हेनिअर’ करून घेतले होते, एका आठवड्यात सोळा. प्रत्यक्षात त्या होत्या कॅप्स. ‘दात तासून झाल्यावर आरशात बघितलं तेव्हा मला कळलं’, तो म्हणाला. आता त्यातले दोन दात ठणकत होते, रूट कॅनाल करावं लागणार होतं. दात खोल तासला की आतल्या नसेला त्रास होण्याचा धोका वाढतो. २०२१च्या सुमाराला सोशल मीडियावर ‘टर्की टीथ’ म्हणून जे व्हिडिओ गाजले, ते याच प्रकारचे. तरुण मुलं-मुली तासून सुळक्यासारखे झालेले दात दाखवायची, आणि म्हणायची व्हेनिअर! तो मुलगा बोलत असताना ताई गप्प ऐकत होती. स्क्रीनवरचा फोटो तिनं मोबाइलवर मागून घेतला होता, तो ती पुन्हा पुन्हा उघडून बघत होती.

डॉक्टरांची खुर्ची

डॉक्टर पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी ताईचा वळलेला दात बघितला, बोटानं हलवून बघितला, आणि हातात आरसा दिला. म्हणाल्या, ‘या सात दातांना काही झालेलं नाही. हा आठवा वळलेला आहे. पापुद्रा लावून तो सरळ दाखवायचा तर बाहेर आलेली बाजू बरीच तासावी लागेल. ते व्हेनिअर राहणार नाही, जवळजवळ कॅपच होईल. तुम्हाला सरळ दात हवाय की नवा दात?’

ताईनं विचारलं, सरळच हवा असेल तर? अलाइनर, त्या म्हणाल्या. काही महिने लागतील, तुमच्या घराजवळच्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे करा. इथं दर महिन्याला येणं जमणार नाही. म्हणजे कोऑर्डिनेटरनं मांडलेलं पॅकेज त्याच क्लिनिकच्या डॉक्टरांनी एका वाक्यात मोडलं. हाका मारणाऱ्या गल्ल्यांतून आलेल्या मला हे अनपेक्षित होतं. स्वस्त म्हणजे वाईटच आणि महाग म्हणजे चांगलंच, असं काही नसतं. पण आपल्यासमोर बसलेलं माणूस डॉक्टर आहे की सेल्सवाला, एवढं मात्र बघावं लागतं.

ताई बराच वेळ आरशात बघत राहिली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, ‘आईचा दात आहे गं हा.’ मावशीला जाऊन चार वर्षं झाली. तिचाही पुढचा दात अस्साच, उजवीकडे वळलेला. माझ्या लहानपणीच्या सगळ्या फोटोंत मावशी तोंड भरून हसतेय आणि तो दात दिसतोय. तिनं कधी ओठ मिटले नाहीत. ताईला काय म्हणावं मला सुचेना. जिजूंनाही. शेवटी तीच डॉक्टरांना म्हणाली, ‘फक्त दाढ करा.’

मग दोन तास दाढेचं काम चाललं. दाढ तासली, स्कॅनरनं तोंडातला थ्री-डी फोटो काढला, वर तात्पुरती कॅप बसवली. रंग जुळवायला शेड गाइड काढलं. एशियन पेंट्सच्या शेडकार्डासारखं, पण सोळाच्या सोळा छटा पांढऱ्याच! सर्वांत पांढरी नाही, तर शेजारच्या दाढेला जुळणारी छटा निवडली. रात्री आम्ही युमाला मुक्काम केला, ताईनं मऊ बीन्स आणि भातावर भागवलं. दुसऱ्या दिवशी कॅप तयार. निळा कागद दातांत धरून कट-कट चावायला लावलं, जिथं उंच लागत होतं तिथं घासलं, परत चावायला लावलं, आणि मगच पक्की चिकटवली. ही चावून बघायची पायरी घाईत उरकायची नसते, कारण केसाएवढी उंच राहिलेली कॅपसुद्धा पुढे दाढ दुखवते.

परत येताना सीमेवर दीड तासाची रांग. पुढे-मागे सगळे गाल सुजलेले, कुणी आइस पॅक धरलेले. अधिकाऱ्यानं ताईला विचारलं, मेक्सिकोतून काय आणलंत? सुन्न जिभेनं ती म्हणाली, ‘एक दाढ.’ तो हसलाही नाही. दिवसातून किती वेळा ऐकत असेल!

खर्चाचा हिशोब मांडला तर कॅप, पेट्रोल, मुक्काम, पार्किंग धरूनही ताईचे सात-आठशे डॉलर वाचले. पण सहा महिन्यांनी दाढ कुरकुरली तर पुन्हा तीनशे किलोमीटर. डिसेंबरात लग्नसराईसाठी पुण्या-मुंबईत येऊन दोन आठवड्यांत दात करून जाणाऱ्या आपल्या एनआरआय मंडळींनाही हाच हिशोब लागू. आणि ज्यांचं क्लिनिक बाणेरला किंवा ठाण्यात, ऑफिसच्या खालीच आहे, त्यांना तर प्रवासाचीही सबब नाही. ‘स्माइल मेकओव्हर’ची होर्डिंग्ज आता आपल्याही चौकाचौकांत लागली आहेत.

खुर्चीत बसण्यापूर्वी

• कॅप की व्हेनिअर? शब्दावर जाऊ नका. ‘माझा दात किती मिलिमीटर आणि किती बाजूंनी तासणार?’ असं विचारा.

• तक्रार फक्त दिसण्याची असेल तर आधी न तासता होणारे उपाय बघा : क्लीनिंग, ब्लीचिंग, टवक्यासाठी कॉम्पोझिट, वाकड्या दातांसाठी ब्रेसेस किंवा अलाइनर.

• रूट कॅनाल झालेल्या दाढेची कॅप मात्र टाळत राहू नका. दाढ उभी चिरली तर बहुतेकदा ती काढावीच लागते.

• ब्लीचिंग करायचं असेल तर कॅप किंवा व्हेनिअरच्या आधी. सिरॅमिकचा रंग नंतर उजळत नाही. शेड दिवसाच्या उजेडात निवडा.

• पुढचे दात करणार असाल तर आधी तात्पुरता नमुना तोंडात लावून बघा. बोला, हसा, घरच्यांना दाखवा.

• रात्री झोपेत दात खायची सवय असेल तर आधीच सांगा. नाइट गार्ड वापरला नाही तर महागडं सिरॅमिकही तडकतं.

• मटेरियल, गॅरंटी आणि बिघडल्यास कोण दुरुस्त करणार, हे लेखी घ्या. एक्स-रेची कॉपी मागून घ्या.

• कॅप बसली म्हणजे कीड संपली असं नाही. कॅप आणि हिरडी यांच्या सीमेवर कीड पुन्हा लागते. त्यामुळे रोजचं ब्रशिंग आणि दोऱ्यानं फटी साफ करणं चालूच ठेवा.

• आणि कुणी ‘आलाच आहात तर’ म्हणालं, तर घरी जा. एक रात्र झोपा. दात कुठे पळून जात नाहीत.